बाणाचं टोक शेवटी निवडा : लाकडी-बांबूच्या धनुष्यासाठी पॉइंट ठरवण्याचा क्रम

बाण डावीकडे जातो. बाण शेपूट हलवत जातो. बाण पेंढ्यात तिरका घुसतो. आमच्या बागेत सरावाला येणाऱ्या नव्या माणसाची तक्रार बहुधा या तिघांपैकी एक असते. बाण हातात घेऊन बघावा तर पुढे चकचकीत टोक, तेही फोटो बघून मागवलेलं. काठी त्यानंतर मिळेल तशी घेतलेली. आणि धनुष्याचं पाउंडेज, म्हणजे ते ताणायला किती पाउंड जोर लागतो, विचारलं की उत्तर येतं, "दुकानदार चाळीस म्हणाला होता." मुंडावळ्या आधी आणल्या, नवरा अजून ठरायचाय, असा हा प्रकार.

टोकाचं वजन काठीवर ठरतं, काठी धनुष्यावर ठरते आणि धनुष्याचा खरा जोर तुमच्या हाताच्या लांबीवर. म्हणून क्रम उलटा केला की पुढचं सगळंच उलटं होतं. खाली दिलेला क्रम साध्या लाँगबोसाठी (लांब, सरळ धनुष्य), बांबूच्या 'इंडियन बो'साठी आणि नेम धरायची साइट नसलेल्या लाकडी रिकर्व्हसाठी (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) आहे. कंपाउंडवाल्यांनी, म्हणजे चाकांचं धनुष्य वापरणाऱ्यांनी, यातले आकडे वापरू नयेत.

शिकारीसाठी टोक शोधत आला असाल तर आधी टप्पा ५ वाचा.

सुरू करण्याआधी काय जवळ हवं

सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा. मासळीवाले वापरतात तो हुकाचा लटकता काटा. इंच आणि सेंटिमीटर दोन्ही असलेली टेप. व्हर्निअर कॅलिपर, साधा प्लास्टिकचा चालेल. पक्कड, मेणबत्ती किंवा स्पिरिटचा दिवा, ग्लू गनमध्ये घालतात ती डिंकाची कांडी, वाटीभर पाणी, फडकं. एक वही.

आणि एकसारख्या किमान पाच काठ्या : तिघांना पिसं लावलेली, दोघांना मुद्दाम न लावलेली. हे 'बोडके' बाण नसतील तर टप्पा ३ करता येणार नाही, आणि सगळा निकाल तिथेच लागतो.

टोकांची वजनं बाजारात ग्रेनमध्ये सांगतात. एका ग्रॅमचे १५.४३ ग्रेन. म्हणजे १०० ग्रेनचं टोक साधारण ६.५ ग्रॅम, १२५ चं ८.१, १४५ चं ९.४ आणि १७५ चं ११.३ ग्रॅम. हे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पाकिटावर छापलेल्या वजनावर विसंबू नका. एकाच पाकिटातली टोकं मी काट्यावर ठेवली तेव्हा त्यांत चार-पाच ग्रेनचा फरक निघाला आहे.

टप्पा १ : धनुष्य तुमच्या हातात किती जोर लावतं ते मोजा

धनुष्यावर लिहिलेलं पाउंडेज साधारणपणे २८ इंच ताणल्यावरचं असतं. तुम्ही २६ इंचच ताणत असाल तर तुम्हाला तेवढा जोर मिळत नाही. दर इंचामागे ढोबळ मानाने दोन ते तीन पाउंडांचा फरक पडतो.

आधी ताण मोजा. लांब, टोक न लावलेला बाण दोरीला लावून तुम्ही नेहमीसारखे ताणा आणि दुसऱ्या माणसाला धनुष्याच्या पुढच्या कडेशी बाणावर पेन्सिलने खूण करायला सांगा. तीनदा करा. तीन खुणा अर्ध्या इंचाच्या आत आल्या नाहीत तर इथेच थांबा. तुमचा ताण अजून पक्का झालेला नाही, आणि दर वेळी वेगळ्या ताणाला कुठलंच टोक बसणार नाही. महिनाभर ताणण्याचा सराव करून परत या.

ताण पक्का असेल तर पडवीच्या वाशाला धनुष्याची मूठ टांगा, दोरीला लटकता काटा अडकवा आणि त्या खुणेपर्यंत खाली ओढा. किलोला २.२ ने गुणलं की पाउंड. १७ किलो भरले तर सुमारे ३७ पाउंड. पुढच्या सगळ्या हिशोबात हाच आकडा घ्यायचा, दुकानदाराचा नाही.

सावध : मोजताना काटा निसटला तर दोरी रिकामी सुटते आणि धनुष्य तडकू शकतं. हूक दोरीवर पक्का बसलाय ना, हे बघितल्याशिवाय ओढू नका. तोंड धनुष्याच्या रेषेत ठेवू नका.

आपल्याकडची एक खास भानगड. बांबू आणि लाकूड हवेतला ओलावा पितात. श्रावणात मोजलेलं धनुष्य फेब्रुवारीत मोजलं तर जास्त भरतं. माझा बांबूचा लाँगबो जुलैत सुस्तावतो आणि थंडीत कडक होतो, आणि त्याच्याबरोबर माझे बाणही वागणूक बदलतात. म्हणून टोक निवडण्याचं काम भातकापणी उरकून हवा कोरडी झाली की करावं. पावसाळ्यात घाईने केलं तर पुन्हा करावं लागतं.

टप्पा २ : काठीचा कडकपणा मोजा, पण काठी कापू नका

लाकडी काठीचा कडकपणा, म्हणजे स्पाइन, मोजण्याची पद्धत सोपी आहे. २६ इंच अंतरावर दोन आधार घ्या, त्यावर काठी आडवी ठेवा आणि बरोबर मध्यावर दोन पाउंड, म्हणजे ९०७ ग्रॅम वजन लटकवा. मध्य किती खाली वाकला ते मोजा. २६ ला त्या इंचांनी भागलं की स्पाइन पाउंडांत मिळतो. काठी अर्धा इंच वाकली तर ५२ पाउंड. ०.६ इंच, म्हणजे साधारण १५ मिलिमीटर वाकली तर ४३.

यासाठी महागडं यंत्र नको. फळीवर दोन खिळे, मागे चिकटवलेली पट्टी, आणि पाणी भरून दोऱ्यासकट बरोबर ९०७ ग्रॅम केलेली बाटली. झालं.

कार्बनच्या तयार काठ्यांवर (शाफ्टवर) ५००, ६०० असे आकडे असतात. ती मोजणी वेगळी आहे : २८ इंच अंतर आणि १.९४ पाउंड वजन. तिथला ५०० म्हणजे अर्धा इंच वाक. दोन्हींची सरमिसळ करू नका. आणि कार्बनचा आकडा जितका मोठा तितकी काठी मऊ, लाकडाचं बरोबर उलट. इथे फसलेले मी पुष्कळ पाहिलेत.

आता बांबू. सिंधुदुर्गात माणगा घराघरामागे आहे आणि तो भरीव असतो. चिरून, रंध्याने गोल केलेली माणग्याची काठी चांगली होते, फक्त वेळ खाते. बारीक, पोकळ बांबूच्या अख्ख्या काठीचे बाण करणार असाल तर तीन गोष्टी बघा. जाड टोक पुढे ठेवा. पुढच्या तोंडाच्या पोकळीत लाकडाची खुंटी डिंक लावून ठोका, नाहीतर टोक आत सरकून काठी फाडतं. आणि शक्यतो गाठ टोकाच्या थोडीच मागे येईल अशी काठी कापा.

बांबूची काठी गोल फिरवत चारही बाजूंनी स्पाइन मोजा. एक बाजू कडक निघेल. तिथे खूण करा. बाण लावताना तीच बाजू धनुष्याकडे यायला हवी, म्हणून नॉकची, म्हणजे दोरी अडकते त्या मागच्या टोकाची, खाच त्या हिशोबाने कापायची.

तपासा : सगळ्या काठ्यांचा स्पाइन एकमेकींच्या पाच पाउंडांच्या आत आहे का? नसेल तर ज्या जुळत नाहीत त्या बाजूला काढा. वेगवेगळ्या कडकपणाच्या काठ्यांवर एकच टोक लावून चाचणी केली तर हाती फक्त गोंधळ लागतो.

काठी लांबच राहू द्या. कापलेली काठी परत वाढत नाही, आणि लांबी हीच तर तुमच्या हातातली सगळ्यात स्वस्त किल्ली आहे.

टप्पा ३ : टोकाचं वजन ठरवा

मुख्य काम हे आहे. यासाठी पूर्ण सकाळ मोकळी ठेवा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. दोरी सुटते तेव्हा काठी मागून ढकलली जाते आणि पुढचं जड टोक जागचं हलायला वेळ लावतं. त्या ओढाताणीत काठी वाकते आणि वाकत-वाकतच धनुष्याच्या मुठीला वळसा घालून बाहेर पडते. टोक जड केलं की काठी जास्त वाकते, म्हणजे मऊ असल्यासारखी वागते. टोक हलकं केलं की कडक. काठी लांब, तर मऊ. आखूड, तर कडक.

लाकडी बाणांचे बहुतेक तक्ते २८ इंचांची काठी आणि १२५ ग्रेनचं टोक धरून केलेले असतात. त्यापुढे ढोबळ नियम असा : टोक २५ ग्रेननी वाढवलं तर काठी पाच पाउंड जास्त कडक हवी, आणि काठी एक इंच लांब ठेवली तरी पाच पाउंड जास्त. तुमच्या हातात ४० पाउंड असतील, काठी २९ इंचांची आणि टोक १२५ ग्रेनचं, तर ४५ च्या आसपासची काठी. तेवढ्याच लांबीच्या काठीला १५० ग्रेन लावायचे तर ५० ची. ज्या धनुष्याची मूठ रुंद आहे आणि बाण टेकायला मुठीत खाच नाही, तिथे बाणाला जास्त वळसा घ्यावा लागतो, त्यामुळे तक्त्यापेक्षा मऊ काठी लागते. म्हणून तक्ता फक्त सुरुवात करायला. खरं उत्तर बाण देतो.

३.१ एकूण वजन. टोक, काठी, पिसं, नॉक मिळून बाणाचं वजन धनुष्याच्या दर पाउंडामागे आठ ते दहा ग्रेन असावं. ४० पाउंडांना ३२० ते ४०० ग्रेन, म्हणजे साधारण २१ ते २६ ग्रॅम. यापेक्षा फार हलका बाण सोडणं हे धनुष्याच्या दृष्टीने दोरी रिकामी सोडण्यासारखंच. नव्या लोकांना हलक्या बाणाचा वेग आवडतो, धनुष्याला आवडत नाही.

३.२ पुढचा जडपणा. बाण बोटावर तोलून कुठे समतोल साधतो ते बघा. नॉकच्या खाचेपासून काठीच्या पुढच्या टोकापर्यंतची लांबी घ्या, पॉइंट सोडून. समजा ती ७४ सेंटिमीटर. निम्मी ३७. समतोल खाचेपासून ४६ वर आला. ४६ वजा ३७ बरोबर ९. ९ भागिले ७४ म्हणजे सुमारे १२ टक्के. लाकडी बाणाला १० ते १५ टक्के चांगले. सातच्या खाली गेलात तर बाण वाऱ्यावर भरकटतो. पिसं मोठी लावून हे झाकता येतं, पण ते झाकणंच.

३.३ बोडक्या बाणाची चाचणी. टोकाच्या वजनाचे पाच-सहा संच विकत घेण्याची गरज नाही. १०० ग्रेनची टोकं लावा आणि टोकामागे झाळकामाची तार गुंडाळून वर चिकटपट्टी लावा. १.६ ग्रॅम तार म्हणजे २५ ग्रेन. दोन तुकडे केले की १००, १२५, १५० असे तीन पर्याय स्वस्तात तयार. ही तार फक्त चाचणीपुरती, आणि दहा मीटरवरून मऊ पेंढ्यावरच.

सकाळी लवकर उभे राहा. दहा-अकरानंतर समुद्राकडून खारा वारा सुटला की बोडका बाण काय सांगतोय ते कळत नाही. आमच्याकडे टेकाडाच्या आडोशालासुद्धा तो शोधत येतो.

दहा मीटरवरून पिसांचे तीन बाण मारा, मग बोडके दोन. आधी वर-खाली बघा. बोडके बाण खाली लागले तर दोरीवरची नॉकची जागा फार वर आहे. वर लागले तर फार खाली. हे जुळवल्याशिवाय डावं-उजवं बघायचंच नाही. लोक इथे उडी मारतात आणि दिवसभर चुकीच्या गोष्टीशी झगडत बसतात.

मग डावं-उजवं. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्यासाठी :

बोडके बाण पिसवाल्यांच्या उजवीकडे लागले तर काठी मऊ पडतेय. टोक हलकं करा, किंवा काठी पाव इंच कापा.

डावीकडे लागले तर काठी कडक पडतेय. टोक जड करा.

डावखुऱ्यांनी हे उलट वाचावं.

एका बाणावर विश्वास ठेवू नका. निदान चार फेऱ्या मारा आणि प्रत्येक फेरी वहीत काढा. बोडके आणि पिसवाले दहा मीटरवर एका वितीच्या आत आले की मग पंधरा मीटरवर जा. तिथेही जवळ राहिले तर वजन सापडलं. तार काढा, टोकासकट काट्यावर ठेवा, आकडा लिहा. आता त्या वजनाची टोकं मागवा.

नेहमीची चूक : टोक हलकं करत-करत ७५ ग्रेनपर्यंत येणं. तिथे आलात म्हणजे काठीच चुकलीय. पुढचा जडपणा गेलेला बाण दहा मीटरवर शहाण्यासारखा वागतो आणि तीस मीटरवर अब्रू काढतो. कडक काठी आणा.

दुसरी चूक : नेमाचा दोष टोकावर ढकलणं. तुमचे पिसवाले तीन बाणच ताटाएवढ्या जागेत विखुरत असतील तर बोडका बाण तुमच्या सोडण्याबद्दल बोलतोय, टोकाबद्दल नाही.

टप्पा ४ : आकार टार्गेट बघून ठरवा

वजन सापडलं की आकाराचा प्रश्न छोटा राहतो. बंदुकीच्या गोळीसारखं गोलसर टोक, म्हणजे बुलेट पॉइंट, गच्च बांधलेल्या भाताच्या पेंढ्यासाठी आणि फोमसाठी. निघायला सोपं, टार्गेट टिकतं. खांदा असलेला फील्ड पॉइंट चिंध्या भरलेल्या गोणपाटासाठी बरा. रबरी बोथट टोक गवतात पडलेल्या नारळाच्या सोडणावर गंमत म्हणून मारायला. तारेचे पाय असलेलं टोकही त्याचसाठी, कारण ते गवताखाली सरपटत जाऊन हरवत नाही. दोन्ही नेहमीच्या सरावाला नको.

आणि जांभ्यासाठी कुठलंच टोक नाही. हे मी पैसे मोजून शिकलो. पहिल्या वर्षी गडग्याला टेकवून पेंढ्याचं टार्गेट उभं केलं होतं. "मागे भिंत आहे, बाण हरवणार नाही," हा माझा हिशोब. चुकलेला प्रत्येक बाण जांभ्यावर आपटायचा : टोक काठीत मागे सरकायचं, काठी टोकामागे उभी चिरायची. तीन आठवड्यांत डझनभर काठ्या चुलीत गेल्या. शेजारचे काका रोज पाणंदीतून जाताना बघायचे. शेवटी न राहवून म्हणाले, "गडगो पाडूचो आसा काय तुका?" एक बाण तर उलटून माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन पडला, तेव्हा मी टार्गेट हलवलं.

टार्गेटच्या मागे मातीचा उंच बांध हवा, किंवा सैल टांगलेलं जुनं जाड जाळं. जाळं ताणून बांधू नका. सैल असेल तरच ते बाण पकडतं. पेंढा दोन हंगामांत बसतो आणि मधोमध पोकळ होतो, तेव्हा मधला पेंढा बदलायचा.

सावध : बागेतून पाणंद जात असेल, गुरं सुटत असतील, तर टार्गेटच्या मागची आणि दोन्ही बाजूंची जागा प्रत्येक फेरीआधी नजरेने तपासा. काजू-आंब्याच्या दिवसांत झाडाखाली कोण वाकलेलं असेल सांगता येत नाही.

टप्पा ५ : ब्रॉडहेड, म्हणजे पात्याचं टोक

हा प्रश्न येतोच, आणि तो रानडुकरांच्या नावाने येतो. भात, कणगर, नारळाची रोपं एका रात्रीत उद्ध्वस्त झालेला माणूस चिडणार, हे मला कळतं. माझंही शेत आहे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे, आणि शिकारीच्या व्याख्येत मारण्याचा नुसता प्रयत्नही येतो. पीक नासवणाऱ्या जनावराबाबत परवानगी द्यायचा अधिकार कलम ११ खाली ठरलेल्या अधिकाऱ्यांना आहे. शेतकऱ्याने आपण होऊन धनुष्य उचलणं त्यात बसत नाही. नुकसानभरपाईचा अर्ज वनखात्याकडे करता येतो, तो पंचनाम्यासकट करा. त्यामुळे कोकणात ब्रॉडहेड निवडण्याचा प्रश्न निकालात निघतो.

"मग सरावाला तरी?" नको. पातं पेंढा कापून काढतं, गोणपाट फाडतं, बाहेर ओढताना बोटं कापतं. सरावात त्यातून शिकायलाही काही मिळत नाही.

परदेशात राहणारी, तिथला परवाना काढून कायदेशीर शिकार करणारी आपली काही मंडळी आहेत. त्यांच्यासाठी, कारण चुका तिथेही याच क्रमाच्या होतात :

वरचे तीन टप्पे आधी. पुढे पातं असलं की ते पुढच्या पिसासारखं वारा धरतं. काठी मऊ-कडक असेल तर फील्ड पॉइंट ते पोटात घालतो, ब्रॉडहेड चव्हाट्यावर आणतो. म्हणून ब्रॉडहेडचं वजन तुमच्या ठरलेल्या पॉइंटएवढंच घ्या आणि फील्ड पॉइंट जिथे लागतो तिथेच तो लागतो का, हे त्यासाठीच बनवलेल्या फोमवर आधी तपासा.

चाळीस-पन्नास पाउंडांच्या साध्या धनुष्याला दोन पात्यांचं, पक्कं, टोकापासूनच धार असलेलं ब्रॉडहेड घ्यावं. आदळल्यावर उघडणारी पाती उघडण्यातच जोर खातात, आणि साध्या धनुष्याकडे उधळायला जोर नसतो. एकाच बाजूने धार लावलेलं पातं घेत असाल तर धारेची दिशा आणि पिसांचा पीळ एकाच बाजूचा हवा, नाहीतर दोघं बाणाला उलटसुलट फिरवू बघतात. पाकिटातून काढलेली धार पुरेशी असते असं समजू नका. दगडावर लावा, कागद न फाटता कापला गेला पाहिजे. किती रुंद पातं चालतं, किमान पाउंडेज किती, हे तिथल्या राज्याच्या नियमांत दिलेलं असतं. ते वाचल्यावरच खरेदी करा.

टप्पा ६ : टोक बसवणं

टोकाच्या मागच्या तोंडाचा व्यास आणि काठीचा व्यास एकच हवा. लाकडी काठ्या ५/१६, ११/३२ आणि २३/६४ इंचांच्या मिळतात, म्हणजे अनुक्रमे ७.९, ८.७ आणि ९.१ मिलिमीटर. कॅलिपरने मोजा. काठी टोकापेक्षा जाड असेल तर घुसताना तिचा खांदा टार्गेटमध्ये अडतो. टोक जाड असेल तर बाण काढताना ते अडतं.

१. काठी दोन दिवस कोरड्या जागी, चुलीच्या वरच्या फळीवर ठेवता आली तर उत्तम. ओलसर लाकडावर डिंक धरत नाही.

२. पुढचं तोंड पाच अंशांच्या उताराने तासा. यासाठी पेन्सिलच्या शार्पनरसारखं हत्यार मिळतं. नॉककडचा उतार वेगळा असतो, ११ अंश. दोन्ही भोकं एकाच हत्यारात असतात आणि घाईत हमखास चुकीच्या भोकात काठी जाते.

३. टोक कोरडंच बसवून बघा. डुगडुगत असेल तर उतार परत तासा. फट डिंकाने भरणे हा उपाय नाही.

४. टोक पकडीत धरून तापवा. काठी तापवायची नाही. टोकाला डिंकाची कांडी लावून ती वितळते इतपतच तापवा. उतारावर डिंकाचा पातळ थर द्या, टोक फिरवत दाबून बसवा.

५. डिंक मऊ असतानाच बाण तळहातावर उभा करून गरकन फिरवा. टोक थरथरलं तर तिरकं बसलंय. लगेच फिरवून सरळ करा. मग पाण्यात बुडवा.

६. बांबूला टोकामागे दीड सेंटिमीटर पक्क्या दोऱ्याचे वेढे घालून वर डिंक पुसा.

कार्बनमध्ये आधी पेचाची बुशिंग, म्हणजे टोक पिळून बसवायची आतली नळी, चिकटवावी लागते. तिथे आच अगदी मंद ठेवा, कार्बन जळलं तर दिसत नाही, पुढे फुटतं तेव्हा कळतं.

तपासा : तयार बाण एकेक करून काट्यावर ठेवा. संचातल्या बाणांत पाच ग्रेनपेक्षा, म्हणजे ०.३ ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. मग प्रत्येक काठी दोन्ही हातांनी हलकी वाकवून कानाशी धरा. करकरली तर तो बाण मोडीत. चिरलेला बाण दोरीवर फुटला तर त्याच्या ढलप्या धनुष्य धरलेल्या हातात शिरतात.

टप्पा ७ : काढणं आणि गंज

टोक टार्गेटमध्ये राहून काठीच हातात येते, ही तक्रार मे महिन्यात वाढते. उन्हात तापलेल्या टार्गेटमध्ये डिंक मऊ होतो. टार्गेट सावलीत ठेवा, आणि बाण टार्गेटच्या अगदी जवळ धरून सरळ रेषेत ओढा. वर-खाली हलवत काढू नका. पेचाची टोकं असतील तर ओढताना नॉककडून बघता घड्याळाच्या दिशेने पीळ द्या. उलट पीळ दिलात तर तुम्ही टोक स्वतःच्या हाताने उघडताय.

खाऱ्या हवेत साधं पोलादी टोक आठवडाभरात तांबूस होतं. गंजलेलं टोक खडबडीत होतं आणि फोम सोडत नाही. सरावानंतर फडक्याने पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवा. खोबरेल लावू नका, त्यावर धूळ बसून चिकट थर होतो. जूनच्या आत बाण आडवे, दोन आधारांवर, जमिनीपासून वर ठेवा. भिंतीला टेकवून उभे ठेवलेले बाण गणपतीपर्यंत धनुष्यासारखे वाकलेले मिळतात.

ऑक्टोबरात बाहेर काढाल तेव्हा आधी प्रत्येक टोक पिळून बघा, मग धनुष्य पुन्हा वाशाला टांगा. आकडा दोन-तीन पाउंडांनी बदलला असेल तर दोन बोडके बाण काढा आणि टप्पा ३.३ पासून सुरू करा.